आधीं टेकू, मग तुळई

आपल्याकडील माळवदाची तुळई कुजली, तर जाणता सुतार प्रथम टेकू देतो आणि मगच जुन्या तुळईस हात लावतो. शाळेंतील लिनक्स संगणकाचा प्रारंभ करून देणारीं पॅकेजें नवीं करतांना हीच रीति पाळावी, असें आमचें मत आहे.

बटण दाबल्यावर ‘ग्रब’ ही आज्ञावली कर्नलास जागें करते, कर्नल ‘सिस्टमडी’स, आणि सिस्टमडी इतर सर्व सेवांस. चित्रें काढण्याची आज्ञावली बिघडली तर एक तास बुडेल. या सांखळीची एक कडी तुटली तर संगणक सुरूच होत नाहीं, व मुलांचें वर्षभराचें काम आंत अडकून पडतें.

म्हणून कांहीं गृहस्थ म्हणतात, ‘चालतें आहे तें चालूं द्या.’ हा उपदेश सोयीचा खरा, पण हितकर नव्हे. जुलै २०२० मध्यें ग्रबमधील ‘बूटहोल’ हें वैगुण्य उघडकीस आलें. संगणकावर ताबा मिळविलेल्या परक्यास त्यायोगें प्रारंभींच ठाण मांडतां येत असे. अशा वेळीं दुरुस्ती न घेणें म्हणजे दारास फुटकें कुलूप ठेवणें होय. परंतु रेड हॅट कंपनीनें त्वरेनें दिलेली दुरुस्ती बसवितांच कित्येक संगणक पुन्हां सुरूच होईनात! दोष ग्रबच्याही आधीं चालणाऱ्या ‘शिम’ या भागांत होता. बाहेरील साधनानें संगणक सुरू करून जुनी आवृत्ति परत बसविणें, हाच तेव्हां उपाय ठरला. तात्पर्य, आळस व घाई दोन्ही सारख्याच घातक.

पुण्यांत मुख्यालय असलेल्या सी-डॅक संस्थेनें डेबियनवर आधारलेली, मराठींतही वापरतां येणारी ‘बॉस’ ही प्रणाली तयार केली आहे. ती असो वा दुसरी कोणतीही, नियम तेच. हें काम परीक्षेच्या तोंडावर काढूं नये. मुलांच्या कामाची प्रत निराळ्या डिस्कवर घ्यावी. प्रणाली भरलेल्या पेन ड्राइव्हनें संगणक खरोखर सुरू होतो ना, हें आधींच पाहावें. ‘बूट’ विभागांत जागा आहे याची खात्री करावी आणि जुना कर्नल काढूं नये. नायगांवीं वीज केव्हां दगा देईल याचा नेम नाहीं. यूपीएसवांचून आरंभ करूं नये. बदलांची यादी वाचावी. अत्यावश्यक पॅकेज काढलें जाईल अशी सूचना दिसतांच थांबावें. प्रथम एकच संगणक नवा करून तो बंद-चालू करून पाहावा. मगच दुसऱ्यास हात लावावा.

हें सारें वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांनीं शिक्षकांसमक्ष करावें व नोंदवहींत तारखेसह लिहावें. पालकांनींही शाळेस ‘संगणक किती?’ एवढेंच विचारून थांबूं नये; ‘नोंदवही कोणापाशीं आहे, आणि पेन ड्राइव्ह कोठें ठेवला आहे?’ हेंही अवश्य विचारावें.