सात ते अकरा : महाराष्ट्राचा संघ खालून निवडू या

निगडीहून चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये महाराष्ट्राचा सार्वकालिक क्रिकेट संघ आजवर किती वेळा निवडला गेला असेल, याची गणती नाही. सुरुवात नेहमी सलामीवीरांपासून होते. गावसकर पक्का, दुसऱ्या जागेवरून भांडण. मग विजय मर्चंट, हजारे, वेंगसरकर, तेंडुलकर. सहाव्या क्रमांकापर्यंत येता येता म्हाळुंगे येते, गेटवर पंचिंगची रांग दिसते आणि कोणीतरी घाईघाईने म्हणतो, "बाकी बॉलर टाका कोणतेही चार-पाच."

माझे म्हणणे याच "कोणतेही"विषयी आहे. कसोटी सामना जिंकायचा तर वीस बळी घ्यावे लागतात. सहाशे धावा करूनही वीस बळी मिळाले नाहीत तर सामना फार तर अनिर्णित राहतो. म्हणून संघ खालून निवडावा. आधी सात ते अकरा, मग वरचे सहा. यष्टिरक्षक त्या सहांत धरला आहे, म्हणजे माझ्याकडे पाच जागा उरतात.

नियम तीन. पहिला, खेळाडू जन्माने किंवा खेळाने महाराष्ट्राचा हवा. मुंबई, महाराष्ट्र आणि विदर्भ या तीन क्रिकेट संघटनांच्या हद्दी इथे नाहीत. दुसरा, गोलंदाज आधी बळींसाठी घ्यायचा, फलंदाजी नंतर बघायची. तिसरा, सामना आपल्या दारात, म्हणजे गहुंजेला आहे असे समजायचे. किवळे-रावेत ओलांडले की एक्स्प्रेस-वेच्या कडेला ते मैदान दिसते.

गहुंजेला आजवर झालेल्या तीन कसोट्या हा या विषयाचा चांगला धडा आहे. फेब्रुवारी २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या पहिल्या डावात नऊ बाद २०५ अशी अवस्था होती. मग मिचेल स्टार्कने ६१ धावा केल्या. शेवटच्या जोडीने ५५ धावा जोडल्या, त्यात हेझलवूडची धाव एक. उत्तरादाखल भारताचे शेवटचे सात गडी ११ धावांत गेले आणि डाव १०५ वर संपला. स्टीव्ह ओकीफ या डावखुऱ्या फिरकीपटूने दोन्ही डावांत ३५ धावांत सहा-सहा बळी घेतले. सामना तिसऱ्या दिवशीच संपला, भारत ३३३ धावांनी हरला.

ऑक्टोबर २०१९ मध्ये कोहलीने नाबाद २५४ धावा केल्या, त्या सर्वांच्या लक्षात आहेत. पण दक्षिण आफ्रिका आठ बाद १६२ वर असताना केशव महाराज आणि फिलँडर यांनी नवव्या गड्यासाठी १०९ धावांची भागी केली, हे किती जणांना आठवते? ऑक्टोबर २०२४ मध्ये न्यूझीलंडच्या मिचेल सँटनरने १३ बळी घेतले आणि भारताने बारा वर्षांनी मायदेशातली मालिका गमावली. तीनपैकी दोन सामने डावखुऱ्या फिरकीने जिंकले आणि दोन सामन्यांत शेपटाने गोलंदाजांना घाम फोडला. गहुंजेच्या संघात डावखुरा फिरकीपटू हवा, आणि शेपूट उभे राहणारे हवे.

म्हणून सातव्या क्रमांकावर बापू नाडकर्णी. नाशिकचा जन्म, रणजीची सुरुवात महाराष्ट्राकडून, पुढे मुंबई. जानेवारी १९६४ मध्ये मद्रासला इंग्लंडविरुद्ध ३२ षटके, २७ निर्धाव, ५ धावा, बळी नाही. सलग २१ षटके निर्धाव. लोक इथेच थांबतात आणि नाडकर्णी म्हणजे फक्त धावा रोखणारा असे ठरवतात. ४१ कसोट्यांत ८८ बळी आणि १४१४ धावा हा हिशेब कुणी सांगत नाही. त्याच मालिकेत कानपूरला त्यांनी नाबाद ५२ आणि नाबाद १२२ धावा केल्या. एका टोकाला नाडकर्णी असले की दुसऱ्या टोकाच्या गोलंदाजाला बळी मिळतात. कारखान्यात असा एक माणूस असतोच. त्याच्या मशीनवर कधी रिजेक्शन येत नाही, म्हणून त्याचे नाव कुणाला ठाऊक नसते.

आठव्या क्रमांकावर झहीर खान. श्रीरामपूरचा. ९२ कसोट्यांत ३११ बळी आणि २०११ च्या विश्वचषकात २१. २००७ मध्ये ट्रेंट ब्रिजला नऊ बळी घेऊन त्याने इंग्लंडमधली मालिका जवळजवळ एकट्याने फिरवली. जुना चेंडू राउंड द विकेट येऊन डावखुऱ्या फलंदाजांना टाकावा तो त्यानेच. आणि फलंदाजी? डिसेंबर २००४ मध्ये ढाक्याला अकराव्या क्रमांकावर येऊन त्याने ७५ धावा केल्या. अकराव्या क्रमांकासाठी तो त्या वेळी जागतिक विक्रम होता. समोर नाबाद २४८ वर तेंडुलकर, शेवटच्या गड्यासाठी भागी १३३ धावांची.

नवव्या क्रमांकावर उमेश यादव. इथे वाद होणार, म्हणून जरा थांबतो. वडील उत्तर प्रदेशातून नागपूरजवळच्या कोळसा खाणीत कामाला आले. मुलगा खाण कामगारांच्या वस्तीत वाढला आणि विशी जवळ येईपर्यंत टेनिस बॉलनेच खेळला. पुढे तोच विदर्भाचा पहिला कसोटीपटू झाला. ५७ कसोट्या, १७० बळी. फिरकीच्या खेळपट्ट्यांवर वेगवान गोलंदाजाला हातात पडतो तो जुना, खरवडलेला चेंडू. तशा परिस्थितीत उमेशने गहुंजेला २०१७ मध्ये पहिल्या डावात ३२ धावांत चार बळी घेतले, २०१९ मध्ये दोन डावांत मिळून सहा. त्याच महिन्यात रांचीला दहा चेंडूंत ३१ धावा केल्या, त्यात पाच षटकार.

या जागेसाठी दोन नावे बाजूला ठेवावी लागली. कोल्हापूरचे दत्तू फडकर हे पहिल्या प्रतीचे अष्टपैलू. पदार्पणातच सिडनीला अर्धशतक आणि तीन बळी, पुढे ॲडलेडला शतक. पण ३१ कसोट्यांत ६२ बळी आहेत. त्यांनी सहाव्या क्रमांकासाठी फलंदाजांशी स्पर्धा करावी. दुसरा पालघरचा शार्दूल ठाकूर. ब्रिस्बेनची ६७ धावांची खेळी आणि ओव्हलवरची दोन अर्धशतके विसरता येत नाहीत. तरी नियम दुसरा : बळी आधी.

दहाव्या क्रमांकावर पाळवणकर बाळू. एकही अधिकृत कसोटी न खेळलेला माणूस सार्वकालिक संघात कसा, हा प्रश्न रास्त आहे. भारताची पहिली कसोटी १९३२ ची. बाळूंचा काळ त्याआधीचा, हा काही त्यांचा दोष नव्हे. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यावर त्यांनी सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. तेव्हा त्यांचे वय पस्तिशीचे होते. डावखुरी फिरकी, आणि ती शिकले कुठे, तर आपल्या पुण्यात. पूना जिमखान्यावर ते मैदान राखण्याच्या नोकरीवर होते. इंग्रज साहेबांना सरावासाठी तासन् तास गोलंदाजी करत. बॅट मात्र त्यांच्या हातात कोणी दिली नाही, कारण फलंदाजी साहेबांची आणि गोलंदाजी नोकराची. पुढे पुण्याच्या हिंदू संघाने त्यांना घेतले ते इंग्रजांना हरवायचे होते म्हणून. मैदानावर त्यांचा चेंडू सगळ्यांना चालायचा, चहा मात्र पॅव्हेलियनबाहेर, वेगळ्या मातीच्या भांड्यात. चर्मकार समाजातल्या या माणसाला हिंदू संघाचे कर्णधारपद कधीच मिळाले नाही. ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल यांना मिळाले. बाळू माझ्या संघात दयेने आलेले नाहीत. गहुंजेच्या खेळपट्टीवर डावखुऱ्या फिरकीला काय मिळते ते वर आलेच आहे.

अकराव्या क्रमांकावर सुभाष गुप्ते. लेगस्पिन, ३६ कसोट्यांत १४९ बळी. १९५८ मध्ये कानपूरला वेस्ट इंडिजच्या एकाच डावात १०२ धावांत नऊ. फलंदाजी यथातथाच, पण अकराव्याला इतके माफ. त्यांचा शेवट मात्र लक्षात ठेवण्याजोगा आहे. १९६१ मध्ये दिल्लीच्या हॉटेलात त्यांच्या खोलीतल्या सहकाऱ्याने स्वागतकक्षातल्या मुलीला फोन केला. तक्रार झाली आणि गुप्तेंनाही वगळले. ते पुन्हा भारताकडून खेळले नाहीत.

शेपूट लांब झाले, अशी तक्रार येईल. त्यावर दोन उदाहरणे देतो. १९४६ मध्ये ओव्हलवर सरेविरुद्ध भारतीय संघ नऊ बाद २०५ वर होता. एकेकाळी महाराष्ट्राकडूनही खेळलेले चंदू सरवटे आणि शुटे बॅनर्जी यांनी शेवटच्या गड्यासाठी २४९ धावा जोडल्या, दोघांचीही शतके. दहाव्या आणि अकराव्या क्रमांकाने एकाच डावात शतके करण्याची प्रथम श्रेणीतली ती पहिली वेळ. दुसरी वेळ फेब्रुवारी २०२४ मध्ये आली, मुंबईच्या तनुष कोटियन आणि कल्याणच्या तुषार देशपांडे यांनी बडोद्याविरुद्ध रणजी उपउपांत्य सामन्यात आणली. हे रोज घडत नाही, मान्य. पण शेपटाने फलंदाजी करण्यासाठी आधी त्याला आपण तिथे टिकू शकतो असे वाटावे लागते. बाळूंना सरावात बॅटच न देणाऱ्यांनी नेमकी तीच गोष्ट हिरावून घेतली होती.

आता बसमधला दुसरा वाद. "महाराष्ट्राचे" म्हटले की आपण नकळत आडनावे मोजतो. शेवटी "कर" असले की माणूस मराठी. श्रीरामपुरात जन्मलेला, तिथल्याच शाळेत शिकलेला झहीर मराठी क्रिकेटपटूंच्या याद्यांत दिसत नाही आणि "भारताचा मोठा गोलंदाज" या मोठ्या पण लांबच्या खुर्चीवर बसवला जातो. औरंगाबादच्या इक्बाल सिद्दिकीचे नाव तर नव्या मुलांना माहीतच नसते. महाराष्ट्राकडून वर्षानुवर्षे वेगवान गोलंदाजी केल्यावर त्याला एकच कसोटी मिळाली, डिसेंबर २००१ मध्ये मोहालीला इंग्लंडविरुद्ध. पहिल्या डावात २४ धावा केल्या. शेवटी विजयासाठी पाच धावा हव्या होत्या, तेव्हा त्यालाच सलामीला पाठवले आणि त्या पाचही धावा त्याने काढल्या. माझ्या संघात तो बसत नाही, कारण त्याच्या पुढे झहीर आहे. पण यादीत त्याचे नाव असावे आणि ते वाचून मगच खोडले जावे. न वाचता गाळणे वेगळे.

उमेशचेही तेच. यादव म्हणजे बाहेरचा, असे म्हणणारे चाकणच्या कुठल्याही लाइनवर भेटतील. वडील पोटासाठी इथे आले आणि मुलगा इथल्या मातीत खेळून मोठा झाला. असे किती जण आज भोसरी, चिखली, खराबवाडीत राहतात? त्यांची पोरे रिकाम्या प्लॉटवर टेनिस बॉलने यॉर्कर टाकतात. उद्या त्यांतला एखादा भारताकडून खेळला तर त्याला महाराष्ट्राचा म्हणायला आपण तयार आहोत का? संघ निवडण्याच्या खेळातला खरा प्रश्न मला हा वाटतो.

माझे पाचही गोलंदाज पुन्हा एकदा पाहा. नाशिकचा ब्राह्मण, श्रीरामपूरचा मुसलमान, खाण कामगाराचा मुलगा, मैदान राखणारा चर्मकार आणि मुंबईचा गुप्ते. मी जातधर्म मोजून निवड केलेली नाही, बळी मोजून केली आहे. बॅट, पॅड, नेट आणि प्रशिक्षक यांना पैसा लागतो. चेंडू टाकायला खांदा पुरतो. म्हणून गोलंदाज दुरून दुरून येतात, आणि त्यांची निवड प्रामाणिकपणे केली की अवघा महाराष्ट्र आपोआप संघात येतो.

नाडकर्णी, झहीर, उमेश, बाळू, गुप्ते. वरचे सहा तुम्ही निवडा. पद्माकर शिवलकरांना वगळल्याबद्दल जे शिव्या देणार आहेत, त्यांनी पाचांपैकी कोणाला काढायचे तेही सांगावे.