काउंटरमागचं स्टूल



आठवड्यातून दोन दिवस मी धारहून इंदूरला जातो आणि तिथल्या एका को-वर्किंग कॅफेत लॅपटॉप उघडून बसतो. एसी, वायफाय, पाठीला आधार देणारी खुर्ची, सगळं छान.

मागच्या महिन्यात एकदा कॉफी वीस मिनिटं उशिरा आली. क्लाएंटचा कॉल नुकताच बिघडला होता, तो राग तिथे निघाला. मोबाइलवर दोन तारे दिले आणि लिहिलं, 'स्टाफ सुस्त आहे.'

पुढच्या खेपेला कॉफी ठेवताना तो मुलगा हळूच म्हणाला, "सर, उस दिन हम दो ही थे." माझ्या त्या एका ओळीपायी त्याची एका दिवसाची पगारकपात झाली होती.

मग विचारपूस केली. मुलगा आपल्याच जिल्ह्यातला, मनावरकडचा. सकाळी नऊ ते रात्री नऊ काम, आठवड्याची सुट्टी नाही. काउंटरमागे स्टूलही नाही. कॅमेऱ्यात बसलेला दिसला की बोलणी खायची. आणि मी? बसून बसून कंबर दुखते म्हणून नुकतीच महागडी उशी घेतली होती!

मुंबईच्या गिरणी कामगारांना रविवारची सुट्टी मिळाली ती १० जून १८९० पासून, नारायण मेघाजी लोखंडे यांच्या लढ्यामुळे. आपल्या मध्य प्रदेशात दुकानं-आस्थापनांचा कायदा १९५८ चा आहे. कामाचे तास आणि साप्ताहिक सुट्टी दोन्ही त्यात आहेत. बसण्याचं म्हणाल, तर कोळिकोडच्या दुकानांतल्या बायकांनी त्यासाठी आंदोलन केलं. २०१८ मध्ये केरळने कायदा बदलून कर्मचाऱ्यांना बसायची सोय देणं दुकानदारांवर बंधनकारक केलं. २०२१ मध्ये तमिळनाडूनेही तेच केलं.

मी ते दोन तारे काढून टाकले आणि मालकांना भेटलो. ते म्हणाले, "स्टाफ बसलेला दिसला तर ग्राहकांना आवडत नाही." मी म्हटलं, "ग्राहक मीच आहे. मला चालेल." नेहमी येणाऱ्या आणखी चौघांनीही तेच सांगितलं. पंधरा दिवसांनी काउंटरमागे दोन स्टुलं आली. कापलेला पगार मात्र परत मिळाला नाही, आणि सुट्टीचं 'बघू' वर अडलंय. मीही विचारायचं सोडलेलं नाही.

आपल्यापैकी बरेच जण अशा ठिकाणी बसून काम करतात. आपली मुलंही उद्या कॉलेज सांभाळून अशा काउंटरमागे उभी राहतील. म्हणून एवढंच सांगतो: पुढच्या वेळी कॉफीला उशीर झाला, तर तारे देण्याआधी काउंटरमागे किती जण आहेत ते मोजा. आणि त्यांना बसायला काही आहे का, तेही बघा.

भेटू पुढच्या अंकात.