न होणाऱ्या विमानतळाचा नकाशा

लोक विकेंडला ट्रेक करतात, मी कधीच न बांधल्या जाणाऱ्या विमानतळांचे नकाशे काढतो. सध्या नळदुर्गचा चालू आहे. "ह्याचा उपयोग काय?" हा प्रश्न ठरलेला! माझं म्हणणं, ही एक कला आहे आणि उपयोग नसणं हीच तिची ताकद आहे.

कल्पना तशी जुनी. इटलीच्या आंतोनिओ सांतेलियाने १९१४ साली रेल्वे आणि विमानांचं एकत्र स्टेशन कागदावर काढलं. दोन वर्षांत तो युद्धात मारला गेला. स्टेशन कधी झालंच नाही, चित्र मात्र लोक अजून बघतात.

पण काल्पनिक म्हणजे वाट्टेल ते नव्हे. विमान वाऱ्याच्या समोरून चढतं-उतरतं. आपल्याकडचा पावसाळी वारा पश्चिमेचा, म्हणून धावपट्टी पूर्व-पश्चिम. टोकांवर आकडे ०९ आणि २७ (९० आणि २७० अंश, शेवटचं शून्य गाळून). दोन्ही टोकांपुढे आकाश मोकळं लागतं. आणि इथेच माझी पेन्सिल अडते, कारण वाटेत किल्ल्याचा उपळ्या बुरूज येतो.

हसू नका. विमानाच्या वाटेत येते म्हणून सोलापुरात सिद्धेश्वर साखर कारखान्याची चिमणी जून २०२३ मध्ये पाडली. सभासद शेतकऱ्यांचा विरोध होता. जून २०२५ मध्ये गोव्याचं विमान सुरूही झालं. बरोबर की चूक, हा वाद वेगळा. त्याच सोलापूर रस्त्यावर बोरामणीला विमानतळासाठी जमिनी घेतल्या, विमानतळ कागदावरच राहिला. म्हणजे काल्पनिक विमानतळ सरकारही काढतं, फक्त त्यात जमीन खरी जाते.

सरकारी चकचकीत चित्रात काचेचं टर्मिनल असतं, विहिरी नसतात. माझ्या कागदावर घाई नाही, कंत्राट नाही, त्यामुळे विहीर दिसते, बांध दिसतो. बुरूज पाडायचा की धावपट्टी वळवायची, हे आधीच ठरवावं लागतं. (मी वळवली. आडवा वारा सोसू थोडा.)

आणि नळदुर्गला हे नवीन नाही. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटात पाणीमहाल बांधला. बाहेर पाणी कोसळतं, आत माणूस कोरडा! नुसतं पाणी अडवायला महाल लागत नाही. कुणीतरी तो आधी मनात बघितला असणार.

असो. तुमच्याही गावाचा विमानतळ काढून बघा. अट एकच: जे पाडावं लागेल, तेही त्याच कागदावर नावानिशी दाखवायचं.