गृहव्यवस्था : जुन्या प्लॅस्टिकला नवा रंग

तांब्यापितळेच्या भांड्यांनीं ज्या घरांतील मांडण्या भरलेल्या असत, त्या घरांत जुनें भांडें टाकून देण्याचा प्रश्न सहसा उद्भवत नसे. कल्हई उडाली तर कल्हईवाला दारीं येई. भांडें चेपलें तर तांबट तें ठोकून नीट करून देई. आणि अगदींच निरुपयोगी झालें तरी मोडीचे पैसे पदरांत पडत. प्लॅस्टिकची गोष्ट निराळी आहे. तें स्वस्त मिळतें म्हणून आपण तें सहज घेतों, आणि मोडींत त्याला फारशी किंमत येत नाहीं म्हणून तितक्याच सहजपणें टाकूनही देतों. वास्तविक सज्ज्यांतील कुंडी, कपड्यांची टोपली किंवा बागेंतील खुर्ची पुष्कळदां मोडलेली नसते. तिचा केवळ रंग गेलेला असतो. रूप गेलें एवढ्यावरून ती घराबाहेर काढावी, कीं तिला पुन्हां रंग द्यावा, याचा विचार या वेळीं करावयाचा आहे.

प्लॅस्टिक हा एकच पदार्थ नव्हे, हें प्रथम ध्यानांत घेतलें पाहिजे. लिओ बेकलंड यानें १९०७ सालीं अमेरिकेंत बेकेलाइट तयार केलें. त्याचीं काळीं विजेचीं बटणें वडीलधाऱ्या मंडळींना आठवत असतील. पॉलिथीन १९३३ सालीं इंग्लंडांतील एका प्रयोगशाळेंत हातीं आलें, आणि पॉलिप्रॉपिलीन १९५४ च्या सुमारास इटालींत जुलिओ नात्ता यांच्या संशोधनांतून पुढें आलें. आज आपल्या घरांतील बादल्या, टोपल्या, कुंड्या व खुर्च्या बहुतांशीं या शेवटच्या दोन जातींच्या असतात. उन्हांतील अतिनील किरणांनीं त्यांच्या रेणूंच्या लांब साखळ्या तुटतात, रंगद्रव्य फिकें पडतें, आणि पृष्ठभागावर खडूसारखी भुकटी येते. म्हणजे रंग जाणें हें केवळ कुरूपतेचें चिन्ह नव्हे. कित्येकदां तें दुर्बलतेचेंही चिन्ह असतें. या मुद्द्याकडे पुढें वळूं.

घरीं रंग देण्यास आतां स्प्रेचा डबा फार सोयीचा झाला आहे. दाबाखालीं भरलेल्या डब्यांतून द्रव पदार्थ फवारण्याची युक्ति नॉर्वेमधील एरिक रोथाइम यानें १९२७ च्या सुमारास शोधली. त्यांत रंग भरण्याची कल्पना अमेरिकेंतील एडवर्ड सीमोर यानें १९४९ सालीं अमलांत आणली. आणि ती त्याला त्याच्या पत्नीनें सुचविली, असें सांगतात. कुंचल्याच्या रेघा उमटत नाहींत आणि टोपलीच्या जाळीसारख्या ठिकाणींही रंग सारखा बसतो, हा या डब्याचा मोठा गुण होय.

परंतु पुष्कळ घरीं असा अनुभव येतो कीं, मोठ्या हौसेनें दिलेला रंग महिनाभरांत पापुद्र्यांनीं सुटूं लागतो. दोष रंगाचा नसतो. पृष्ठभागाच्या स्वभावाचा असतो. बादलीवर पाण्याचे चार थेंब टाकून पाहा. ते पसरत नाहींत, मोत्यांसारखे गोळा होतात. जेथें पाणी पसरत नाहीं, तेथें रंगही नीट धरत नाहीं. कल्हईवाल्याची रीत या ठिकाणीं आठवावी. तो तापलेल्या भांड्यावर कथील एकदम फिरवीत नसे. आधीं नवसागर लावून धातूवरील मळ आणि गंज काढी, आणि मगच कथील त्यावर बसे. प्लॅस्टिकच्या बाबतींतही रंगापूर्वींची तयारी हेंच खरें काम आहे.

वस्तूच्या तळाशीं बहुधा एक त्रिकोण आणि त्यांत १ पासून ७ पर्यंतचा एक अंक असतो. २ व ४ हे अंक पॉलिथीनचे आणि ५ हा पॉलिप्रॉपिलीनचा. या तिन्हींना रंग धरणें सर्वांत कठीण. त्यांना प्लॅस्टिकसाठीं म्हणून मिळणारा खास प्रायमर आधीं दिलाच पाहिजे. ३ हा पीव्हीसीचा अंक असून त्याचें कठीण प्लॅस्टिक रंग त्या मानानें बरा धरतें. ६ हा पॉलिस्टायरीनचा. त्याला रंगांतील तीव्र द्रावकांपासून धोका असतो. गणपतीच्या मखराच्या थर्मोकोलवर स्प्रे मारतांच त्याला खड्डे पडून तें विरघळूं लागतें, हें अनेकांनीं पाहिलें असेल. थर्मोकोल म्हणजे फुगविलेलें पॉलिस्टायरीनच होय. दुकानांत जातांना आणखी एक सावधगिरी बाळगावी. आपल्याकडे नुसतें ‘प्लॅस्टिक पेंट’ म्हटलें तर दुकानदार भिंतीचा रंग पुढें ठेवतो. तेव्हां ‘प्लॅस्टिकच्या वस्तूंवर मारावयाचा स्प्रे’ असें स्पष्ट सांगून, डब्यावरील मजकूर वाचूनच तो घ्यावा.

आतां प्रत्यक्ष कृति सांगतों. वस्तू प्रथम कोमट पाण्यानें व भांड्यांच्या साबणानें घासून धुवावी. तेलकटपणा, मेण, अथवा कोनाकोपऱ्यांतील शेवाळ मुळींच राहूं देऊं नये. ती पूर्ण वाळल्यावर ४०० नंबरच्या पॉलिशपेपरनें हलक्या हातानें सर्वत्र घासावी, म्हणजे चकाकी जाऊन रंगाला धरण्यास जागा मिळते. धूळ ओल्या फडक्यानें पुसून पुन्हां वाळवावी, आणि प्रायमरचा पातळ हात द्यावा. डबा हलवितांना आंतील गोळी वाजूं लागल्यावरही एक मिनिटभर तो हलवीत राहावें. वस्तूपासून २० ते ३० सेंटिमीटर अंतर ठेवून हात एका बाजूकडून दुसरीकडे सारख्या वेगानें न्यावा. एका जागीं थांबल्यास ओघळ येतात. एक जाड थर देण्यापेक्षां तीन पातळ थर द्यावेत, आणि दोन थरांमध्यें किती वेळ जाऊं द्यावा हें डब्यावर लिहिलेलें असतें, तें पाळावें. साधारणपणें १० ते १५ मिनिटें पुरतात. हाताला रंग लागत नाहीं एवढ्यावरून तो पक्का झाला असें समजूं नये. वस्तू आठवडाभर वापराबाहेर ठेवलेली बरी. हें सर्व करण्यापूर्वीं तळाकडील एखाद्या लहान भागावर प्रयोग करून, तो वाळल्यानंतर त्यावर चिकटपट्टी घट्ट दाबून झटक्यानें ओढावी. पट्टीबरोबर रंग निघून आला तर तयारी अपुरी झाली असें जाणावें. काम संपल्यावर डबा उलटा धरून नुसता वायु बाहेर येईपर्यंत दाबावा, म्हणजे तोंड चोंदत नाहीं.

हवामानाचाही विचार हवा. कोंकणांत किंवा मुंबईस आषाढ-श्रावणांत हें काम काढूं नये. दमट हवेंत रंगावर धुरकट झांक येते. दिवाळीपूर्वींचे कोरडे दिवस चांगले. मात्र कडक उन्हांत वस्तू तापलेली असतांनाही रंग देऊं नये.

धोक्याची गोष्ट म्हणजे डब्यांतील वायु. पूर्वीं या डब्यांत ओझोनच्या थरास अपाय करणारे वायु भरीत. १९८७ च्या माँट्रियल करारानंतर ते मागें पडले. त्यांच्या जागीं आलेले प्रोपेन व ब्युटेन हे आपल्या स्वयंपाकाच्या गॅसमधीलच ज्वालाग्राही वायु होत. ते हवेहून जड असल्यामुळें जमिनीलगत सांचतात. म्हणून देवघरांत निरांजन तेवत असतांना किंवा चूल पेटलेली असतांना घरांत स्प्रे मारणें म्हणजे आगीला आमंत्रण देणें होय. काम गच्चीवर अथवा अंगणांत करावें. साध्या कापडी मुखपट्टीनें द्रावकाची वाफ अडत नाहीं. त्यासाठीं कोळशाची गाळणी असलेली मुखपट्टी लागते. गरोदर स्त्रिया, लहान मुलें व दम्याचीं माणसें यांनीं दूर राहावें. डबा चुलीजवळ ठेवूं नये, उन्हांत तापूं देऊं नये, आणि रिकामा झाला तरी भोंसकूं अगर जाळूं नये.

आतां रंग कशाला देऊं नये, तें पाहूं. कल्हई भांड्याला अन्नास योग्य करी. स्प्रेचा रंग त्याच्या उलट करतो. म्हणून धान्याचे व मसाल्यांचे डबे, पाण्याचीं पिंपें, बादलीची आंतील बाजू आणि जीं खेळणीं मूल तोंडांत घालील तीं खेळणीं रंगवूं नयेत. भारतांत घरगुती रंगांतील शिशाचें प्रमाण दशलक्षांत ९० भागांहून अधिक नसावें असा नियम १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण शिसें नाहीं म्हणून रंग खाण्यायोग्य ठरत नाहीं.

त्याहूनही महत्त्वाची गोष्ट खुर्चीची. वर्षानुवर्षें उन्हांत राहिलेली खुर्ची रंगविण्यापूर्वीं उलटी करून तिचे पाय जेथें बैठकीला मिळतात तो भाग नीट पाहावा. तेथें बारीक चिरा दिसत असतील, नखानें भुकटी निघत असेल, किंवा पाठ दाबतांना ती लवण्याऐवजीं कडकड वाजत असेल, तर ती खुर्ची रंगविणें हा निव्वळ घात आहे. रंगानें चिरा बुजत नाहींत, झांकल्या मात्र जातात. जुनी खुर्ची जुनी दिसते म्हणून घरांतील आजोबा तिच्यावर बेतानें बसतात. तीच नवी दिसूं लागली कीं ते निर्धास्तपणें अंग टाकतील. त्या वयांत पडून खुब्याचें हाड मोडणें म्हणजे काय, हें ज्या घरानें पाहिलें आहे त्या घराला अधिक सांगावयास नको. तीच गोष्ट स्नानगृहांतील स्टुलाची.

शेवटीं खर्चाचा हिशेब. ४०० मिलिलिटरचा एक डबा एका थरास सुमारें दीड-दोन चौरस मीटर जागेला पुरतो. प्रायमर धरून एका खुर्चीला तीन-चार डबे सहज लागतात. तेवढ्यांत साधी नवी खुर्चीही येऊं शकेल. शिवाय रंग चढलेलें प्लॅस्टिक पुन्हां वितळवून वापरणें कठीण जातें. म्हणून वस्तू धड आहे काय, ती आणखी कांहीं वर्षें वापरली जाईल काय, आणि अन्नाशीं तिचा संबंध नाहीं ना, एवढें पाहून मगच डबा विकत घ्यावा. धड असलेली मोठी कुंडी, कपड्यांची टोपली, पुस्तकांची मांडणी या कसोटीला उतरतात. चिरलेली खुर्ची उतरत नाहीं. ती न रंगवितां भंगारवाल्याला द्यावी, म्हणजे निदान तिच्या प्लॅस्टिकचा पुन्हां उपयोग होईल.