पेटी आधी, आंबा नंतर

मार्च उजाडला की आमच्या रत्नागिरीत दोन गोष्टींची घाई सुरू होते. बागेत आंबा काढायची आणि पेट्या भरायची. पेटीवर 'रत्नागिरी हापूस' छापायला मात्र बाग लागत नाही. म्हणून तर कर्नाटकातला आंबाही दर मोसमात आमच्या नावाने खपवला जातो.

हल्ली लिंक्डइन उघडलं की मला त्याच पेट्या दिसतात.

'स्वतःचा ब्रँड उभारा' ही कल्पना टॉम पीटर्सने १९९७ मध्ये अमेरिकेतल्या 'फास्ट कंपनी' मासिकात लेख लिहून गाजवली. म्हणजे ती साधारण माझ्याच वयाची. मीही ती इमानदारीत पाळली. दोन वर्षांपूर्वी एक पोस्ट टाकली: 'आमच्या सिस्टिमचा रिस्पॉन्स टाइम मी निम्म्यावर कसा आणला'. लाइक्सचा पाऊस पडला. खरं तर दोन रात्री जागून ती गडबड शोधली होती टीममधल्या एका मित्राने. मी टेस्ट लिहिल्या आणि डिप्लॉय केलं. पण 'आम्ही' लिहिलं असतं तर पोस्ट चालली नसती, असं मला वाटलं. मित्रानेही मुकाट्याने लाइक केलं.

त्याच पोस्टमुळे मला एका मुलाखतीचं बोलावणं आलं. समोरच्या बाईंनी शांतपणे विचारलं, "इंडेक्स नेमका कुठल्या कॉलमवर लावलात? आणि तोच का?" मी गप्प.

हापूसमध्ये साका नावाचा दोष असतो. बाहेरून फळ पिवळंधमक, वासही छान. कापलं की आत पांढरट, भुसभुशीत, आंबट गर. त्या दिवशी मी साका निघालेला आंबा होतो.

यावर कुणी म्हणेल, छोट्या गावातल्या पोरांनी नाव केलं नाही तर त्यांना विचारतं कोण? प्रश्न खरा आहे. ना पुण्यात ओळख, ना आयआयटीचा शिक्का. आपण दिसलो नाही तर कुणी शोधत येत नाही, हे मी भोगलंय. नाव नकोच, असं मी म्हणत नाही. कोकणच्या हापूसनेही २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन घेतलंच की.

पण ते मानांकन कुणाचं आहे बघा. एका बागायतदाराचं नाही. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतल्या फळाचं आहे. नाव कागदावर नोंदलं जाण्याआधी इथल्या कित्येक पिढ्यांनी कातळ फोडून कलमं लावली होती. आज एकाने कोवळा आंबा पेटीत भरला तर सगळ्यांचं नाव खराब होतं, म्हणून एकमेकांवर नजर राहते. पर्सनल ब्रँड नेमकं उलटं शिकवतो: सगळ्यांच्या कामातून आपलं तेवढं नाव वेगळं काढा.

आणि घाई तर विचारूच नका. कलम लावलं की ते लवकर मोहरतं. जाणता बागायतदार पहिली तीन-चार वर्षं तो मोहर खुडून टाकतो. झाडाने आधी वाढायचं असतं. आम्हाला मात्र नोकरीच्या पहिल्याच वर्षी सांगतात, रोज पोस्ट टाका, लोकांना शिकवा. शिकायच्या वयात आम्ही गुरुजी होतो. मग शिकायचं कधी?

मागच्या महिन्यात मी ती जुनी पोस्ट दुरुस्त केली. मित्राला विचारून त्याचं नाव घातलं, त्याने काय शोधलं तेही लिहिलं. त्याचा एका ओळीचा मेसेज आला: "आता? दोन वर्षांनी?"

मला उत्तर सुचलं नाही.

तुम्ही आज पोस्ट टाकणार असाल तर जरूर टाका. फक्त ज्यांची नावं त्यात यायला हवीत, ती आजच लिहा.