शंभर टक्के पूर्ण



या वेळी एका कबुलीने सुरुवात करते. काही वर्षांपूर्वी आमच्या शिक्षकांना एक ऑनलाईन प्रशिक्षण पूर्ण करायचे होते. मुदत जवळ आली तशी मी रोज प्रार्थनेनंतर स्टाफरूममध्ये जाऊन विचारायची, "किती जणांचे झाले?" शेवटच्या दिवशी सगळ्यांची प्रमाणपत्रे आली आणि मी अहवालावर "शंभर टक्के पूर्ण" असे लिहून सही केली. पुढे एके दिवशी चहा घेताना आमच्या एक ज्येष्ठ बाई हसत म्हणाल्या, "मॅडम, माझा कोर्स नातवाने केला. मी पोळ्या लाटत होते." गणित शिकवण्यात या बाईंचा हात धरणारे आमच्याकडे कोणी नाही. त्यांना काय बोलणार? "किती झाले" हे मी रोज विचारले, "काय शिकलात" हे एकदाही नाही.

अशा प्रशिक्षणाचा पसारा आता फार मोठा आहे. केंद्र सरकारचे 'दीक्षा' हे व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. २०१९ मध्ये सुमारे ४२ लाख शिक्षक व मुख्याध्यापकांसाठी 'निष्ठा' कार्यक्रम आला. तो आधी प्रत्यक्ष शिबिरांतून होत असे. कोरोनामुळे ऑक्टोबर २०२० पासून 'दीक्षा'वर १८ भागांत देण्यात आला. नव्या शैक्षणिक धोरणात तर शिक्षकाने वर्षाला किमान ५० तास स्वतःच्या प्रशिक्षणाला द्यावेत अशी अपेक्षा आहे. एवढ्या लोकांपर्यंत पोचायला दुसरा मार्ग नाही, हे मला मान्य आहे. पण हे ५० तास शाळेच्या वेळेत बसवायचे की रात्री जेवणे आटोपल्यावर, याचे उत्तर प्रत्येक शाळेलाच द्यावे लागते. रात्रीवर सोडले की नातू कामाला येतो!

नावे ठेवणे सोपे असते. म्हणून आपणच एक छोटा कोर्स करून पाहू असे आम्ही ठरवले. तो शिक्षकांसाठी नव्हता. शाळेच्या बसमधील आया, फाटकावरचा वॉचमन आणि शिपाई यांच्यासाठी होता. विषय एकच: शाळा सुटल्यावर मूल कोणाच्या हाती द्यायचे. यात चूक झाली तर काय होईल, हे पालकांना सांगायला नको.

पहिला प्रयत्न साफ फसला. संगणकाच्या सरांनी मेहनतीने चाळीस मिनिटांचा व्हिडिओ केला, नियम वाचून दाखवले, शेवटी दहा प्रश्न घातले. भाषा आमची, पुस्तकी मराठी आणि अधूनमधून इंग्रजी. आया मात्र आपसात तेलुगू नाही तर दखनी बोलतात. एकीच्या घरात स्मार्टफोन एकच, तो मुलगा कामावर घेऊन जातो. दुसरीचा डेटा पहिल्या दहा मिनिटांत संपला. हे सगळे आधी दोघींना दाखवले असते तर त्याच दिवशी कळले असते. आम्ही एकदम सर्वांना पाठवून मोकळे झालो.

दुसऱ्या वेळी आमच्या सर्वांत जुन्या आयाला बरोबर घेतले. बोलायचे काय ते आम्ही सांगितले, कसे बोलायचे ते तिने ठरवले. "मामू आए बोले तो बी नक्को छोड़ो" हे तिचे वाक्य आमच्या तीन परिच्छेदांचे काम करून गेले. पाच-पाच मिनिटांचे चार तुकडे झाले, तेही शनिवारी कामाच्या वेळेत, शाळेच्याच पडद्यावर. प्रश्नही बदलले. नियम क्रमांक तीन कोणता, असे न विचारता प्रसंग दिला: एक गृहस्थ आला आहे, मोबाईलवर मुलीच्या आईबरोबरचा फोटो दाखवतो आहे, मुलगीही त्याला ओळखते. आता काय कराल?

यावर अर्धा तास वाद झाला. त्या वादात वॉचमन म्हणाला, "मॅडम, कोणाला सोडायचे ते रजिस्टरमध्ये पाहा म्हणता, पण रजिस्टर ऑफिसच्या कपाटात असते. मी फाटक सोडून कसा जाऊ?" मी गप्पच झाले. त्याला नियम पाठ होता. उणीव आमच्या व्यवस्थेत होती, आणि ती कोणत्याही व्हिडिओने भरून निघाली नसती. रजिस्टर त्याच दिवशी फाटकावर गेले. आता वाटते, कोर्स तयार करण्याआधी वॉचमनला विचारायला जायला हवे होते.

मी स्वतः हिंदी माध्यमातून पदवी घेतली. (माझ्या मराठीत हिंदी डोकावते, वाचक सांभाळून घेतात.) त्यामुळे भाषेचा प्रश्न मला जवळचा वाटतो, आणि हैदराबादला तो नवा नाही. उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली उर्दू माध्यमातून निघाले, तेव्हा उर्दूत पाठ्यपुस्तके नव्हती. म्हणून १९१७ मध्येच 'दारुत्तर्जुमा' हा भाषांतर विभाग स्थापन झाला होता. शास्त्रीय शब्द ठरवायला त्याच्या समित्या असत आणि त्यांत विषयाचे जाणकार व भाषेचे जाणकार एकत्र बसत. कोठीतील आपले महिला महाविद्यालयही अनेक वर्षे याच विद्यापीठाचा भाग होते. पुढे माध्यम बदलले, तो वेगळा विषय. पण संगणकाचे सर एका खोलीत आणि आया दुसरीकडे, अशी आमची पहिल्या वेळची रीत त्या मंडळींनी मान्य केली नसती.

आता आम्ही अपूर्णांक शिकवण्यावर नव्या शिक्षकांसाठी असेच छोटे भाग करणार आहोत. बोलायला त्या ज्येष्ठ बाईच तयार झाल्या आहेत. नातू या वेळी फक्त मोबाईल धरणार आहे. आपल्या पालकांपैकी काही जण हायटेक सिटीच्या कंपन्यांत कर्मचाऱ्यांसाठी असे कोर्स तयार करतात, असे समजते. त्यांनी एखाद्या शनिवारी दुपारी शाळेत यावे आणि आमचा पहिला भाग पाहून स्पष्ट मत द्यावे. चहा शाळेचा.