पालीजवळच्या वाघिणी

मालगाडीच्या डब्याला मराठीत वाघीण म्हणतात, हे आमच्या विंगेत फक्त तिघांना माहीत निघालं. ‘सुट्टीत वाघिणींचे फोटो काढले’ म्हटल्यावर कुणाला ताडोबा वाटलं, कुणाला भलतंच! खुलासा केल्यावर सगळ्यांची निराशा झाली. “मालगाडी? तिचे कसले फोटो काढायचे?” मित्रांनो, या प्रश्नाचं उत्तर जेवणाच्या टेबलावर देता आलं नाही, म्हणून हा लेख.

माझं गाव पाली, बल्लाळेश्वराचं. पालीत रेल्वे नाही. मिनिडोअर पकडून नागोठणं गाठायचं, तिथे पनवेल-रोहा मार्ग लागतो. रोह्यापासून कोकण रेल्वे सुरू होते आणि तिचं पहिलंच मोठं काम कोलाडला बघायला मिळतं. दिवाळीच्या सुट्टीतला एक अख्खा दिवस मी या पट्ट्यात घालवला. सकाळी नागोठण्याजवळ रेल्वेच्या हद्दीबाहेर एका शेताच्या बांधावर, दुपारनंतर कोलाडला. सोबत उसना कॅमेरा, आईने दिलेली घावनं आणि एक वही.

वही कॅमेऱ्याहून महत्त्वाची. मालगाडीचं वेळापत्रक आपल्याला कुणी देत नाही. तासभर काहीच नाही, आणि मग एकदम रूळ गुणगुणायला लागतात. गाडी निघून गेली की खरी गंमत सुरू होते. प्रत्येक वाघिणीवर अकरा आकडी नंबर असतो. पहिले दोन आकडे वाघिणीचा प्रकार सांगतात, पुढचे दोन ती कुठल्या रेल्वेची ते, त्यानंतरचे दोन बनावटीचं वर्ष. मग चार आकडी क्रमांक, आणि शेवटचा आकडा आधीचे दहा बरोबर लिहिलेत की नाही ते तपासण्यासाठी. कॉम्प्युटरवाल्यांनो, तुमचा चेक डिजिट चिखलाने माखून धावतोय! फोटो मोठा करून मी एकेक नंबर उतरवत गेलो. उघड्या बॉक्स-एन वाघिणींचा रेक साधारण ५८-५९ चा. मोजून बघा, मान दुखते.

बांधाचे मालक काका थोडा वेळ बघत उभे राहिले. मग म्हणाले, “अरे बाळा, गणपती स्पेशलचे काढ की फोटो. हिच्यात कोण बसतं?”

बसत कुणी नाही, पण आपल्या तिकिटाचे पैसे तीच भरते. २०१६ पासून रेल्वेने तिकिटावरच छापायला घेतलं की प्रवाशांच्या भाड्यातून खर्चाचे सरासरी ५७ टक्केच वसूल होतात. उरलेल्याचा मोठा भार मालवाहतुकीच्या कमाईवर. आणि तरी एक्स्प्रेस आली की बाजूच्या लूपवर थांबायचं मालगाडीनेच. मेसचं बिल भरणाऱ्याला शेवटच्या पंगतीला बसवावं तसं!

आणखी एक. १६ एप्रिल १८५३ ची बोरीबंदर-ठाणे गाडी आपल्याला शाळेपासून पाठ. पण त्याआधी, डिसेंबर १८५१ मध्ये, रुरकीजवळ वाफेचं इंजिन माती वाहत होतं, गंगा कालव्यावरच्या सोलानी जलसेतूच्या कामासाठी. त्याच कालव्याला इंजिनीयर मिळावेत म्हणून १८४७ मध्ये तिथे कॉलेज निघालं होतं. म्हणजे आपल्या देशात मालगाडी आणि इंजिनीयरिंग कॉलेज शेजारी-शेजारी वाढले. आज आपल्याला तिचे फोटो काढणारा वेडा वाटतो. असो.

नागोठण्याहून कोलाडला जायला मुंबई-गोवा महामार्गच. पनवेल ते इंदापूर या टप्प्याचं रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं आणि एका तपाहून अधिक काळ रखडलं. त्या रस्त्यावर ट्रकमागे रांगत जाताना वाटतं, हा माल इथे काय करतोय? पोलादी चाकाला पोलादी रुळावर जो अडथळा होतो तो टायरला डांबरावर होणाऱ्या अडथळ्यापेक्षा कितीतरी पट कमी. दुसऱ्या वर्षाचं पुस्तक उघडा, तिथेच आहे.

यावरचा एक उपाय कोलाडला उभा असतो: रो-रो. २६ जानेवारी १९९९ पासून कोलाड ते गोव्यातल्या वेर्ण्यापर्यंत भरलेले ट्रकच सपाट वाघिणींवर चढवून नेतात. रॅम्पवरून पहिला ट्रक चढतो आणि एकेका वाघिणीवरून पार टोकापर्यंत जातो, त्याच्यामागे दुसरा, तिसरा. माल उतरवायचा नाही, पुन्हा भरायचा नाही. घाट, डिझेल, टायर, झोप, सगळं वाचतं. दिवसभरातला माझा सगळ्यात चांगला फोटो इंजिनाचा नाही, वाघिणीच्या कडेपासून वीतभर अंतरावर असलेल्या ट्रकच्या टायरचा आहे.

तरीही महामार्ग ट्रकांनी भरलेलाच. माझं मत असं की दुखणं रुळांवर नाही, दोन्ही टोकांना आहे. रेक भरेपर्यंत थांबायचं, ठरावीक स्टेशनांवरच चढायचं. २०२५ च्या गणपतीत मोटारींसाठीही रो-रो काढली. एका मोटारीला ७,८७५ रुपये, तीन तास आधी हजर राहायचं, मग बारा तासांचा प्रवास. प्रतिसाद थंड मिळाला, आणि त्यात नवल ते काय? गणपतीला चाकरमानी चिपळूण, रत्नागिरी, कणकवलीला जातो. सुरुवातीला गाडी थेट वेर्ण्याला! नंतर नांदगाव रोडचा थांबा वाढवला, तो पहिल्याच दिवशी हवा होता. मधल्या स्टेशनवर एखादीच वाघीण कशी रिकामी करायची, कमी जागेत रॅम्प कसा बसवायचा, ट्रक लवकर कसे बांधायचे, हे आपल्या मेकॅनिकल आणि सिव्हिलचे प्रश्न आहेत. त्याऐवजी दरवर्षी तोच लाइन फॉलोअर रोबोट, मागच्या बॅचच्या रिपोर्टसकट. व्हायव्हाला सरांनाही पाठ झालाय तो!

हे वाचून कुणी कॅमेरा घेऊन निघणार असेल तर एक गोष्ट कडक शब्दांत सांगतो. उभ्या वाघिणीवर चढून सेल्फी काढायची नाही. कोकण रेल्वेचं विद्युतीकरण मार्च २०२२ मध्ये पूर्ण झालं, वरच्या तारेत २५,००० व्होल्ट असतात. तारेला हात लागावा लागत नाही, जवळ गेलात तरी वीज झेप घेते. इलेक्ट्रिकलवाल्यांना हे सांगायला लागू नये, पण अशी पोरं होरपळल्याच्या बातम्या आपण वाचतोच. विनापरवाना रेल्वेच्या हद्दीत शिरणं १९८९ च्या कायद्याच्या कलम १४७ खाली गुन्हाही आहे. बांधावरून, रस्त्यावरच्या पुलावरून फोटो छान येतात. स्टेशनात जायचं तर प्लॅटफॉर्म तिकीट काढा आणि आधी स्टेशन मास्तरांना विचारा.

शेवटच्या डब्यातल्या गार्डला हात दाखवायला विसरू नका. २०२२ पासून त्यांचं पद ‘ट्रेन मॅनेजर’ झालंय, पण तासन्‌तास एकट्याने बसणं तेच. मी त्या दिवशी चौघांना हात केला, तिघांनी परत केला. सबमिशन संपलं की मी पुन्हा कोलाडला जातोय, या वेळी ट्रक चढवायला नेमका किती वेळ लागतो ते घड्याळ लावून मोजायला. कुणाला यायचं असेल तर रूमवर सांगा. वही स्वतःची आणा.